कॉफीपॉट खिंडीतली नळी

मित्रांनो, मला पाहून कुणी म्हणतं जुन्या नळाचा तुकडा, कुणी म्हणतं तंबूचा दांडा. एका गृहस्थांनी तर मला बंदुकीची नळी ठरवून टाकलं होतं! म्हणेनात का. मी बर्फ मोजायची नळी आहे. अंग अॅल्युमिनियमचं, मुठीत मावेल एवढं. अंगावर इंचांच्या खुणा, आत डोकवायला बाजूला लांब फटी आणि खालच्या तोंडाला पोलादाचे दात. आता म्हातारी झाले, त्यामुळे बोलताना जरा पाल्हाळ होतं. पण जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे माझे चार तुकडे घडवले आणि ते एकमेकांत फिरवून बसावेत म्हणून आटे पाडले. चारही जोडले की मी दहा फूट उंच होत असे. ज्या कारागिरानं माझे दात घासले तो भलताच चोखंदळ होता. प्रत्येक दाताला बोट लावून बघायचा आणि शेजारच्याला सांगायचा, की हिचं सगळं शहाणपण तोंडात आहे, तोंड बिघडलं की ही नुसतीच नळी. मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढे कळलं की माणूस खरं बोलत होता.

मग मला मोंटानाच्या डोंगरांत पाठवलं. तिथल्या कॉफीपॉट खिंडीत माझी उमेदीची वर्षं गेली. तिकडे नोव्हेंबरपासून बर्फ पडू लागतो आणि पडतच राहतो. वितळायचं नाव नाही. सगळ्या हिवाळ्याचं पाणी डोंगरावर कोंडून पडलेलं असतं, आणि एप्रिलमध्ये ऊन तापलं की ते सगळं विलो फोर्क नदीतून खाली निघतं. खोऱ्यातल्या माणसांना एकच गोष्ट आधी कळायला हवी असते. वर पाणी आहे किती?

नुसती उंची मोजून ते कळत नाही. कोरडा बर्फ हलका असतो, दबलेला जड असतो. म्हणून मला बर्फात उभी खुपसायची, थेट जमिनीपर्यंत. बर्फ माझ्या पोटात भरतो. मग मला काट्याला टांगून वजन करायचं, की काटाच सांगतो आत किती इंच पाणी आहे. अशी दहा ठिकाणं ठरलेली. दरमहा एक तारखेला दहाही ठिकाणी मला खुपसायचं आणि सरासरी काढायची.

पण हे सगळं खरं केव्हा? मी जमिनीला टेकले तर! म्हणून तिकडे एक पद्धत होती. मला वर काढलं की खुपसणारा माझं तोंड जोडीदाराकडे फिरवायचा. माझ्या दातांत बोटभर माती अडकलेली असायची. जोडीदारानं ती डोळ्यांनी पाहायची, मोठ्यानं "माती" म्हणायचं आणि मगच वहीत लिहायचं. ती माती चाकूनं काढून टाकायची, कारण मातीचं वजन पाण्यात धरून चालत नाही. माझ्या तोंडाची ती चव अजून गेलेली नाही. सहा महिने उजेड न पाहिलेली माती, कुजलेल्या गवताच्या वासाची. ती चव लागली की मला फार बरं वाटायचं.

मला चालवायचा तो वेंडेल हॅस्केट. उंच, खडूस, मिशांत बर्फाचे कण अडकलेले. सव्वीस हिवाळे त्यानं मला खांद्यावर वाहिलं. माणसांशी तो मोजून मापून बोलायचा, पण माझ्याशी मात्र सारखी बडबड चालायची. आतून मेण फिरवायचा, म्हणजे बर्फ चिकटू नये. दर शरद ऋतूत कानशीनं माझे दात परजायचा. त्याची जोडीदारीण तोरिल आसेन. ती कामाला लागली तेव्हा तिशीची होती, चालायला काटक आणि प्रश्न विचारायला त्याहून काटक. वेंडेल म्हणायचा की हिला हवा का वाहते तेही लेखी लागतं.

खाली खोऱ्यात वेंडेलची थोरली बहीण राहायची. तिचं नाव अर्डिस. नवरा वारलेला, एकशे चाळीस मेंढ्या सांभाळून होती. एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायला येणार आणि त्याच महिन्यात नदी फुगणार, असा तिचा दरवर्षीचा पेच. नदीकाठी तिचं जुनं शेड होतं, उबदार, चाऱ्याजवळ. वर टेकाडावर नुसतं कुंपण आणि बोचरा वारा. नव्या कोकरांना शेडच बरं. पण पाणी अठ्ठावीस इंचांच्या वर असेल तर शेडमध्ये राहणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून एक एप्रिलला ती फोनपाशी बसून राहायची. वेंडेल आकडा सांगायचा आणि ती त्याप्रमाणे कळप हलवायची, नाहीतर नाही. सव्वीस वर्षांत तिनं एकदाही त्याला उलट प्रश्न केला नव्हता.

पुढे वेंडेल म्हातारा होऊ लागला. कमरेचं दुखणं निघालं. नजरही मंदावली होती, पण ते तो कुणाला कळू देत नव्हता. त्या वर्षी शरद ऋतूत माझे दात परजायचे राहिले. आज करतो, उद्या करतो, असं म्हणत मला तसंच पिशवीत गुंडाळून ठेवलं. मी बोथट तोंडानं हिवाळ्यात शिरले. वेंडेलवर माझा जीव होता, पण याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

तो हिवाळा विचित्रच होता. एक फेब्रुवारीचं मोजमाप नीट झालं. नंतर भर फेब्रुवारीत खिंडीत पाऊस पडला! बर्फावर पाऊस, आणि त्या पाठोपाठ हाडं गोठवणारी थंडी. भिजलेला पृष्ठभाग गोठून त्याची चार बोटं जाडीची लादी झाली. त्या लादीवर पुढे महिनाभर नवा बर्फ पडत राहिला. मार्चमध्ये वादळांमुळे वर जायला कुणी धजलं नाही. त्यामुळे पोटात लादी घेऊन बसलेला तो बर्फ एक एप्रिलपर्यंत कुणी तपासलाच नाही.

एक तारखेला आम्ही तिघं वर गेलो. बर्फ खोल असणार म्हणून वेंडेलनं माझे चारही तुकडे जोडले. मला खुपसलं. मी भराभर उतरले, आणि अठ्ठेचाळीस इंचांवर दाणकन थांबले.

मित्रांनो, मला त्याच क्षणी कळलं. ती जमीन नव्हती. जमिनीत दात रुततात. इथे दात नुसते घसरले आणि तोंडात गार, बेचव काच आली. मला ओरडावंसं वाटलं, की अरे, अजून अर्धंच झालंय, खाली आणखी आहे! पण नळीला आवाज कुठला? जन्मभर दुसऱ्यांच्या हातात राहायचं आणि गप्प बसायचं, हेच आमच्या नशिबी.

वेंडेलनं मला वर काढलं. तोरिलनं नेहमीप्रमाणे हात पुढे केला.

"माती दाखवा."

"जमीन गोठलीय. दगड झालाय नुसता," वेंडेल म्हणाला. त्यानं हातमोज्यानं माझ्या तोंडावरचे बर्फाचे तुकडे झटकून टाकले.

"पण फेब्रुवारीपेक्षा जेमतेम तीन इंच जास्त? एवढी वादळं होऊन?"

"पावसानं खाल्ला खालचा बर्फ. तोरिल, तू शाळेत जायचीस तेव्हापासून मी या खिंडीत भोकं पाडतोय. लिही सोळा इंच पाणी."

तोरिल थोडा वेळ माझ्या स्वच्छ तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं लिहिलं. दुसऱ्या ठिकाणी तेच झालं, तिसऱ्या ठिकाणी तेच. पुढे पुढे तर तिनं हात पुढे करणंही सोडलं. वेंडेलच्या कमरेत कळा येत होत्या, त्याला हे काम एकदाचं उरकायचं होतं, आणि त्याच्या पुढे कुणी बोलायचं नाही असा इतक्या वर्षांचा शिरस्ता पडला होता. मी मात्र दर खेपेला रिकाम्या तोंडानं वर येत होते आणि लाजेनं मरत होते.

नवव्या ठिकाणी वेंडेलला राग आला. त्यानं दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून मला फिरवलं. माझे बोथट दात लादीत अर्धे शिरले आणि तिथेच घट्ट बसले. त्यानं ओढलं, तोरिलनं ओढलं, मी हलेना. शेवटी त्यांनी वरचे दोन तुकडे फिरवून काढले, खालचे दोन तिथेच सोडले. आठ मोजमापं पुरेत, उरलेली नळी बर्फ वितळला की नेऊ, असं म्हणून ते निघाले. माझे दोन तुकडे त्यांच्याबरोबर गेले. पण जिथे तोंड तिथे मी, म्हणून मी मागेच राहिले.

त्या संध्याकाळी वेंडेलनं अर्डिसला फोन केला असणार. सोळा इंच, खुशाल शेडमध्ये राहा. नंतर मला कळलं की झालंही तसंच होतं.

एकोणीस दिवस मी त्या लादीत अडकून होते. वरचं फूटभर अंग बर्फाबाहेर, बाकीचं आत, दात जबड्यात धरल्यासारखे. पहिले काही दिवस नुसती शांतता होती. एक ससा येऊन मला हुंगून गेला. एकदा पहाटे एल्क हरणांचा कळप जवळून गेला, पण त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग वारा बदलला. तो तिकडचा उबदार वारा, बर्फ खाणारा. वरचा बर्फ मऊ पडला आणि पाणी माझ्या अंगावरून ओघळायला लागलं. माझ्या दातांनी लादीत जी चीर पाडली होती, तिच्यातून थेंब थेंब खाली जाऊ लागले. थेंब सुटायचा आणि मी कान देऊन ऐकायची. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागायचा. एवढी खोली! एवढा बर्फ, दबून बसलेला, पाण्यानं जड होत चाललेला, आणि त्याची कुठल्याही वहीत नोंद नाही. अर्डिसच्या मेंढ्या या वेळी व्यायला लागल्या असतील, शेडमध्ये, नदीच्या अगदी अंगाला. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मला एक बोटभरही हलता येत नव्हतं. मित्रांनो, अडकणं म्हणजे काय ते मला विचारा. अंग अडकतं त्याचं एवढं काही नाही. जे ठाऊक आहे ते आतच राहतं, त्यानं जीव कासावीस होतो.

विसाव्या दिवशी सकाळी मला माणसांची चाहूल लागली. तोरिल पुढे होती, पाठीवर फावडं. मागून वेंडेल पाय ओढत येत होता. त्यांच्या बोलण्यावरून कळलं की शेजारच्या खोऱ्यातून आलेला आकडा आमच्या आकड्याच्या दुप्पट होता. त्या आकड्याचा कागद तोरिल चार दिवस खिशात घेऊन फिरत होती. वेंडेल काही केल्या वर यायला तयार नव्हता. शेवटी तिनं सरकारी सामान डोंगरावर सोडून चालत नाही असं निमित्त काढलं आणि त्याला गाडीत बसवलं.

तिनं माझ्याभोवती खणायला सुरुवात केली. लादी लागली. तिनं फावड्याच्या पाठीनं ती फोडली आणि फावडं खाली दाबलं. ते दांड्यापर्यंत आत गेलं.

मग वेंडेल त्या खड्ड्यात उतरला. कंबर धरून गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी बर्फ उपसू लागला. तोरिलनं फावडं पुढे केलं, ते त्यानं घेतलं नाही. कितीतरी वेळ तो उपसत होता. शेवटी मागच्या वर्षीचं आडवं झालेलं गवत दिसलं आणि काळी माती. त्यानं चिमूटभर माती उचलून तळहातावर घेतली.

"सोळा नाही," तो म्हणाला. "छत्तीस असेल. जास्तच."

तोरिलनं वाकून त्याच्या तळहातावरची माती पाहिली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, तोरिल. हिचं तोंड स्वच्छ होतं. मी पाहिलं होतं."

"मीही पाहिलं होतं," ती म्हणाली. "आणि लिहिलं."

सव्वीस वर्षांत मी वेंडेलला रडताना पाहिलं नव्हतं. तेही फार वेळ नाही. बाहीनं तोंड पुसून त्यानं मला हलवून हलवून लादीतून सोडवलं, पिशवीत टाकलं आणि दोघं जे निघाले ते सहा मैल स्कीवरून न थांबता खाली आले. तो दोनदा पडला. तोरिल म्हणाली की तुम्ही सावकाश या, मी पुढे होऊन सांगते. पण त्यानं ऐकलं नाही. हे मीच सांगायचं आहे, एवढंच म्हणाला.

पिकअपच्या मागच्या बाजूला पिशवीतून तोंड बाहेर काढून मी पडून होते, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. दुपार झाली होती. विलो फोर्क गढूळ होऊन काठाशी आली होती. अर्डिस शेडच्या दारात एका मेंढीपाशी बसली होती, बाह्या कोपरापर्यंत वर, हात रक्तानं भरलेले. नुकतंच जन्मलेलं कोकरू तिनं पेंढ्यात ठेवलं. वेंडेल तिच्यासमोर टोपी काढून उभा राहिला.

"अर्डिस, तुला दिलेला आकडा खोटा होता. नळी जमिनीला टेकलीच नव्हती. मला शंका आली होती आणि मी बोललो नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की आता ही याला फाडून खाणार.

"किती वेळ आहे?"

"उद्या सकाळ. कदाचित तेवढाही नाही."

"मग टोपी घाल आणि ते मागचं दार उघड."

शेजारच्या दोन घरची माणसं ट्रक घेऊन आली. अंधार पडायच्या आत एकशे चाळीस मेंढ्या टेकाडावर गेल्या, व्यायलेल्या, अडलेल्या, सगळ्या. कोकरं तर पोत्यांत, कोटांत, मिळेल त्यात घालून नेली. सकाळी नदी आली. शेड आधी नुसतं वाकलं, मग पाण्यानं ते उचललं आणि वळणापर्यंत नेऊन तिथे मोडलं. एकही मेंढी गेली नाही. पण टेकाडावर छप्पर नव्हतं, आणि पाण्याबरोबर गारठवणारा पाऊस आला. दोन दिवसांची, एक दिवसाची कोकरं. एकोणीस दगावली.

पाऊस थांबल्यावर ती कोकरं कुंपणापाशी ओळीनं ठेवली होती. वेंडेल अर्डिसपाशी गेला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि अर्डिसनं त्याच्या हातात फावडं दिलं.

"आधी खड्डा खण," ती म्हणाली.

मोडक्या कमरेनं त्यानं एकट्यानं तो खड्डा खणला. तोरिल मदतीला उठली तेव्हा अर्डिसनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. खणून झाल्यावर अर्डिस त्याच्यासाठी कॉफी घेऊन गेली आणि दोघं भावंडं मातीच्या ढिगावर शेजारी शेजारी बसून ती प्याली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

वेंडेलनं नंतर ती वही घेतली. खाडाखोड केली नाही. आठही आकड्यांवर एक रेघ मारली, शेजारी "माती पाहिली नाही" असं लिहून सही केली आणि ती वही स्वतः कचेरीत नेऊन दिली. त्यानं डोंगरावर जाणं बंद केलं. तोरिल अजून जाते. तिला नवी नळी मिळाली आहे आणि हाताखाली नवा जोडीदार. तो तिच्यावर वैतागतो म्हणे, कारण ती नळीचं तोंड दोनदोनदा तपासते. वैतागू दे.

माझे आटे पिळवटले होते, दात मोडले होते. मला भंगारात काढणार होते, तेवढ्यात अर्डिसनं मला मागून घेतलं. तिनं नवं शेड टेकाडावर बांधलं आणि मला त्याच्या फाटकाला अडसर म्हणून लावलं. हो, अडसर! इंचांच्या खुणा असलेला अडसर तुम्ही कुठे पाहिला नसेल.

मित्रांनो, हत्यारांचे दात वेळेवर परजत चला. आपल्याहून थोर माणूस थकलेला दिसला तर त्याची भीड धरू नका. त्याला प्रेमानं विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. आणि तुमच्या तोंडात काही खरं अडकलं असेल तर ते त्याच दिवशी बोला. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

एप्रिल लागला की काठावरचं गवत हिरवं होतं आणि मेंढ्यांना ते वरून दिसतं. तोरिलचा फोन आला आणि पाणी बेताचं असलं तर अर्डिस मला काढते, कळप खाली धावतो. ज्या वर्षी पाणी जास्त असतं त्या वर्षी ती मला काढत नाही. मग एकशे चाळीस मेंढ्या मला रेटतात, ढुशा देतात, माझ्या नावानं ओरडतात. मी दोन्ही कड्यांत घट्ट अडकून असते. आणि मी हलत नाही.